काळ्या वडीवर चुंबक का तरंगलं? उच्च तापमानाच्या अतिवाहकतेबद्दल

ताम्रपट:

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी प्रोजेक्टसाठी वायबीसीओ नावाचं अतिवाहक संयुग बनवायला घेतलं होतं. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड, धातूंच्या अणूंचं प्रमाण १:२:३. अ‍ॅगेटच्या खलात मनगट भरून येईपर्यंत घोटायचं, ९०० अंशांच्या वर भट्टीत भाजायचं, बाहेर काढून पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. शेवटी भुकटी दाबून छोटी वडी करायची आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश गार होऊ द्यायची. आमची वडी ऑक्सिजनमध्ये शिरली आणि तासाभरात लाइट गेली. भट्टी भराभर निवली. सकाळी वडी काढली तर दिसायला अगदी हवी तशी, काळी आणि टणक. थर्माकोलच्या वाटीत ठेवून द्रव नायट्रोजन ओतला, वर चिमुकलं चुंबक ठेवलं. अतिवाहकावर ते तरंगायला हवं. ते नुसतं बसून राहिलं.

सर म्हणाले, "टाकून देऊ नका. हीच वडी पुन्हा ऑक्सिजनमध्ये घाला, ४५० अंशांवर रात्रभर ठेवा, मग हळूहळू उतरवा." तिसऱ्या दिवशी तेच चुंबक त्याच वडीच्या दोन-तीन मिलिमीटर वर अधांतरी उभं होतं. टिचकी मारली तर बराच वेळ गरगरत राहिलं.

वडीत तांब्याचा एकही नवा अणू आलेला नव्हता. आला होता तो थोडासा ऑक्सिजन. त्याने आत जाऊन नेमकं काय केलं, या एका प्रश्नापायी मी आजवर वाचत आलोय. जे समजलं ते इथे मांडतो.

जुनी गोष्ट थोडक्यात. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ऑनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. का, हे कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन धातूच्या जाळीतून जाताना आजूबाजूचे धन आयन किंचित त्याच्याकडे सरकतात. आयन जड, त्यामुळे इलेक्ट्रॉन पुढे गेला तरी ते लगेच जागेवर येत नाहीत, आणि तिथे उरलेल्या धनभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. अशा जोड्या जमतात आणि सगळ्या एका तालात चालतात. जाळीचं कंपन हा त्यांच्यातला गोंद. पण १९७३ मध्ये नायोबियम-जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्विन गाठलं आणि गाडी पुढची तेरा वर्षं तिथेच अडकली.

१९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना लॅन्थॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात ३० केल्विनच्या आसपास अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामातले वू यांच्या गटांनी लॅन्थॅनमच्या जागी यट्रियम घालून थेट ९३ केल्विन गाठलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणून तर आमच्यासारख्या दोन पोरांना कॉलेजात हे करून बघता आलं.

आकडा मोठा आहेच, पण मला जास्त नवल वाटतं ते पदार्थाचं. पारा, शिसं, कथील हे मुळात धातू. ही संयुगं कपबशीच्या जातीची, सिरॅमिक. त्यातही बेरियम न घातलेलं शुद्ध लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड वीज वाहूनच नेत नाही. एवढा चांगला अतिवाहक एका विद्युतरोधकाच्या पोटातून जन्माला येतो. "जोड्या कशाने चिकटतात?" इथून बहुतेक लेख सुरू होतात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की तो विद्युतरोधक का आहे आणि त्याच्या आत आधीपासून काय चाललेलं असतं? निम्मं उत्तर तिथेच दडलंय.

---

मोगरा_७१:

सुरुवातच धरून ठेवणारी. चुंबक नुसतं बसून राहिलं तेव्हा तुमचं काय झालं असेल ते कळलं. वाचतेय.

---

डोंबिवलीकर:

मी इंजिनियर, क्वांटमशी संबंध बारावीपुरता. एक शंका. वीज का वाहत नाही? लाकूड-काचेत सगळे इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात हे समजतं. इथे तांब्यापाशी मोकळा इलेक्ट्रॉन आहे असं वाचलं. मग तो हलत का नाही?

---

ताम्रपट:

डोंबिवलीकर, शंका अगदी मर्मावर आहे. इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांचं नेहमीचं गणितही तुमच्यासारखंच म्हणतं: हा धातू असायला हवा. ते गणित इथे साफ चुकतं.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा, चौकोनी मांडणीची. प्रत्येक ठिपका म्हणजे तांब्याचा अणू, दोन ठिपक्यांच्या मध्ये ऑक्सिजन. वायबीसीओ असो, लॅन्थॅनमवालं असो की बिस्मथवालं, या सगळ्या संयुगांत ही सपाट रांगोळी थरांवर थर रचलेली असते, आणि सगळा खेळ तिच्यावरच चालतो. बाकीचे अणू मुख्यतः थर धरून ठेवतात आणि इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात.

आता रांगोळी सोडून चाळीत या. प्रत्येक ठिपका एक खोली, प्रत्येक खोलीत एकच बिऱ्हाड. शेजारी जायचं तर एका खोलीत दोन बिऱ्हाडं होणार, आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात दूर लोटतात. त्याची किंमत जवळपास २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाला जी उष्णता असते ती जेमतेम एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे कोणीच हलू शकत नाही. दार उघडं, गॅलरी मोकळी, तरी सगळे जागच्या जागी. याला मॉट विद्युतरोधक म्हणतात, नेव्हिल मॉट यांच्या नावावरून.

बिऱ्हाडं हलत नाहीत, पण शेजारी क्षणभर डोकावून परत येण्याला क्वांटमची मुभा आहे, आणि असं डोकावलं की ऊर्जा थोडी उतरते. अट एकच: शेजाऱ्याचं स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकपणाची दिशा (वर किंवा खाली), उलटं हवं. स्पिन सारखं असेल तर पाउली यांचा नियम दारातच अडवतो. त्यामुळे शेजारी-शेजारी उलट स्पिन ठेवणं सगळ्यांच्याच फायद्याचं. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर, असा बुद्धिबळाचा पट तयार होतो. याला अँटिफेरोमॅग्नेट म्हणतात. दोन शेजाऱ्यांमधल्या या ओढीची ताकद सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तापमानाच्या भाषेत १५०० केल्विन! शेजाऱ्याशी उलट स्पिनने जोडी जमवण्याची ही ओढ एवढी जबर, आणि ती आपल्याला हव्या त्या पदार्थात अतिवाहकतेच्या आधीपासून हजर.

आता माझी वडी. आत शिरलेला ऑक्सिजन रांगोळीच्या थरात बसत नाही, शेजारच्या थरात तांब्याच्या साखळ्या असतात तिथे बसतो. त्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ते तो रांगोळीच्या थरातून खेचून घेतो. चाळीत खोल्या रिकाम्या होतात. रिकामी खोली म्हणजे होल. एक रिकामी झाली की शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी. गोठलेली चाळ वाहती होते. पहिल्या दिवशी माझ्या वडीत रिकाम्या खोल्या पुरेशा नव्हत्या.

---

डोंबिवलीकर:

चाळीमुळे डोक्यात लख्ख शिरलं, आभार. म्हणजे जोड्या आधीच होत्या, फक्त चालायला वाट नव्हती?

---

ताम्रपट:

अगदी याच शब्दांत नाही, पण फिलिप अँडरसन यांनी १९८७ च्या सुरुवातीला जवळपास हेच म्हटलं. बेंझिनमध्ये दुहेरी बंध एका जागी थांबत नाहीत, सगळ्या मांडण्या एकत्र नांदतात, हे पाउलिंग यांचं चित्र शाळेत बघितलं असेल. अँडरसन म्हणाले की कॉपर ऑक्साइडच्या थरात शेजारच्या स्पिनांच्या जोड्या अशाच सतत मांडणी बदलत असतात. विद्युतरोधकात त्या जोड्या आहेत पण भार वाहू शकत नाहीत. होल घाला, त्याच जोड्या वाहू लागतील. ही कल्पना त्यांनी त्या जानेवारीत बंगळूरच्या परिषदेत मांडली होती, आणि गणपती बास्करन यांच्यासोबत तिच्यावर लगेच पुढचं काम झालं. या विषयाच्या पायाभरणीत आपल्याकडच्या माणसाचा हात आहे, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत मात्र दिसलं की शुद्ध लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये स्पिन जोड्यांत वितळलेले नसतात, पटासारखे नीट लागलेले असतात. अँडरसन यांचं चित्र जसंच्या तसं टिकलं नाही. पण दर शंभर खोल्यांपैकी दोनेक रिकाम्या झाल्या की तो पट मोडतो, पाचेक झाल्या की अतिवाहकता उगवते, सोळाच्या आसपास शिखर येतं आणि सत्तावीसच्या पुढे ती मावळते. आलेख काढला तर घुमटासारखा दिसतो.

---

स्वाती_नक्षत्र:

मी याच क्षेत्रात पीएचडी केली, आता जर्मनीत असते. लेख आवडला, पण दोन ठिकाणी तुम्हाला अडवणार आहे.

एक, तुमच्या मांडणीत जोड्या स्पिनच्या ओढीने जमतात, पण कंपनांना एवढ्या लवकर निरोप देऊ नका. २००१ पासून फोटोइमिशनच्या (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून तपासण्याच्या) मोजणीत कितीतरी कॉपर ऑक्साइडमध्ये ७० मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉनांच्या चालीला बाक आलेला दिसतो, आणि बऱ्याच जणांच्या मते तो ऑक्सिजनच्या कंपनांमुळे आहे. कंपनं इलेक्ट्रॉनांना स्पर्श करतात, यात मला शंका नाही.

दोन, "उच्च तापमान म्हणजे नवा गोंद" असा समज वाचकांचा होऊ नये. हायड्रोजन सल्फाइड २०१५ मध्ये सुमारे १५५ गिगापास्कल दाबाखाली २०३ केल्विनला अतिवाहक झालं. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं की तापमान झपकन खाली येतं, म्हणजे तिथे गोंद १९५७ चाच, कंपनांचा. हलका अणू, वेगवान कंपन, म्हणून तापमान उंच.

---

ताम्रपट:

स्वातीताई, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पहिल्यावर माझं म्हणणं असं. गोंद कंपनांचाच असता तर समस्थानिक बदलल्यावर तापमान ठळक हलायला हवं. चांगल्या वायबीसीओमध्ये ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८ घातला तर ते एका केल्विननेही हलत नाही. कंपनं मदत करत असतील, थोडा अडथळाही करत असतील. पण मुख्य कर्ता दुसरा आहे, आणि त्याचा सगळ्यात सुंदर पुरावा जोडीच्या आकारात मिळतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कंपनांच्या गोंदाने जमलेली जोडी साधारण सगळ्या दिशांनी सारखी असते, गोल लाडवासारखी. आता चाळीतल्या जोडीचा विचार करा. दोघांना एका खोलीत बसायला सक्त मनाई, पण शेजारच्या खोल्यांत बसायची ओढ जबर. मग जोडीच्या तरंगाने असा आकार घ्यायला हवा की एकाच खोलीत सापडण्याची शक्यता शून्य आणि शेजारी सापडण्याची भरपूर. यावरचा सोपा तोडगा म्हणजे चार पाकळ्यांचं फूल. पूर्व-पश्चिमेच्या पाकळ्या धन चिन्हाच्या, उत्तर-दक्षिणेच्या ऋण. मधोमध बेरीज-वजाबाकी होऊन शून्य. तिरप्या दिशांनाही शून्य. याला डी-तरंग म्हणतात. एकमेकांना लोटणाऱ्यांची जोडी जमायची तर ती अशीच जमू शकते, हे सूत्र लक्षात ठेवा.

हे चिन्ह मोजायचं कसं? ते तर डोळ्याला दिसत नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळ आयबीएमच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिकांचे तुकडे वेगवेगळ्या कोनांत एकमेकांना भिडवले आणि त्यांच्या सांध्यांवरून जाईल असं वायबीसीओचं सूक्ष्म कडं घडवलं. कोन असे निवडले की जोडीचा तरंग कडं फिरून मूळ जागी आला की त्याचं चिन्ह उलटं व्हावं. पण तरंगाला स्वतःशी जुळूनच यावं लागतं. मग कड्याकडे उपाय उरतो तो एकच: स्वतःहून प्रवाह सुरू करायचा आणि चुंबकीय प्रवाहाची बरोब्बर अर्धी पुडी आत अडकवून ती तफावत भरून काढायची. नेहमीच्या अतिवाहक कड्यात पुड्या पूर्णच असतात, एक, दोन, तीन. यांनी स्क्विडच्या (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या उपकरणाच्या) सूक्ष्मदर्शकाने कड्यावरून नजर फिरवली आणि तिथे अर्धी पुडी होती. शेजारच्या कड्यांत, जिथे चिन्ह उलटत नव्हतं, तिथे नव्हती.

बाहेरून काहीही न लावता थंडीत नुसतं पडलेलं ते इवलंसं कडं स्वतःहून अर्धी पुडी धरून बसतं. भौतिकशास्त्रात याहून देखणा पुरावा मी पाहिलेला नाही.

---

स्वाती_नक्षत्र:

अर्ध्या पुडीबद्दल मान्य, आणि ती तुम्ही छान सांगितलीत. एक भर घालते. २०२२ मध्ये शेमस डेव्हिस यांच्या गटाने बिस्मथवाल्या संयुगात आणखी थेट मोजणी केली. त्या स्फटिकात तांब्याच्या माथ्यावरचा ऑक्सिजन निसर्गतःच लाटेसारखा जवळ-लांब होत जातो. तो जवळ-लांब झाला की "एका खोलीत दोन" ची किंमत बदलते, म्हणून शेजाऱ्यांची ओढही बदलली पाहिजे. त्यांनी अणू-अणू तपासत जोड्यांची घनता मोजली. ती त्याच लाटेवर कमी-जास्त होत होती, आणि गणिताने जेवढी सांगितली होती जवळपास तेवढीच. तेव्हापासून मी स्वतःही तुमच्या बाजूला बरीच सरकले आहे.

---

जुनाजाणता:

तेव्हा मी मुंबईत एका प्रयोगशाळेत कनिष्ठ पदावर होतो. १९८७ च्या त्या महिन्यांत कोणी घरी वेळेवर जात नव्हतं. भट्टीसाठी नंबर लागायचे. चुकीचं प्रमाण झालं की हिरवी वडी निघायची, आणि ती हिरवी दिसली की आख्खी खोली गप्प व्हायची. ताम्रपट, तुमची काळी होती, म्हणजे घोटणं-भाजणं चोख होतं.

मुंबईचं नाव निघालंच आहे तर: टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९९४ मध्ये यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात १२ केल्विनला अतिवाहकता सापडली, त्यातून बोरोकार्बाइडचं आख्खं घराणं उभं राहिलं. तिथेच पुढे शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहक होतं हे दाखवलं गेलं. कॉपर ऑक्साइडशी याचा थेट संबंध नाही, तरी तरुण मंडळींना माहीत असावं.

---

मोगरा_७१:

काका, हिरव्या वडीचं वाचून पोटात कालवलं. तुम्ही सविस्तर लिहा ना कधीतरी.

---

वाटसरू:

२०२३ मध्ये कोरियाच्या त्या एलके-९९ च्या बातमीने, खोलीच्या तापमानाला अतिवाहक सापडल्याच्या दाव्याने, झोप उडवली होती. आता कोणी बोलत नाही. आणि मूळ प्रश्न: १९८६ पासून एवढी वर्षं झाली, इतकी हुशार माणसं लागली, तरी सिद्धांत पूर्ण का नाही?

---

ताम्रपट:

वाटसरू, एलके-९९ चं उत्तर लहान आहे. त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती, आणि त्याची रचनाच सुमारे १०४ अंश सेल्सियसला बदलते. रोधातली ती घसरण त्यामुळे. शुद्ध नमुने विद्युतरोधक निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही करून पाहिलं, त्यांनाही अतिवाहकता दिसली नाही.

दुसऱ्याचं उत्तर मोठं. पाऱ्यात एका जोडीतले दोघे एकमेकांपासून इतके लांब असतात की मधल्या जागेत लाखो इतर जोड्या मावतात. त्यामुळे सरासरी काढली तरी गणित अचूक येतं. इथे जोडी दोन नॅनोमीटरपेक्षाही लहान, चार-पाच खोल्यांएवढी, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन शेजाऱ्यावर डोळा ठेवून. सरासरी काढली की जे शोधायचंय तेच पुसलं जातं.

चाळीचं हे चित्र गणितात हबर्ड प्रतिमान म्हणून १९६३ पासून आहे. लिहायला एक ओळ, सोडवायला महासंगणकांनाही जड. २०२० मध्ये अनेक गटांनी मिळून दाखवलं की त्याच्या साध्यात साध्या रूपात, नुसत्या लगतच्या खोलीत जायची मुभा असेल तर, अतिवाहकता टिकत नाही. जोड्यांऐवजी होल पट्ट्या करून बसतात. तसे पट्टे १९९५ मध्ये ट्रँक्वाडा यांच्या गटाने खऱ्या स्फटिकातही पाहिले होते. मग तिरप्या खोलीत उडी मारायची थोडी मुभा दिली, आणि २०२४ च्या गणितात अतिवाहकता उगवली, पट्ट्यांसोबत. एवढ्याशा बदलाने पारडं इकडचं तिकडे होतं. इतक्या घासून चाललेल्या शर्यतीचा निकाल कागद-पेन्सिलीवर लावणं किती अवघड, याची कल्पना यावरून येईल.

आणि जोडी जमली म्हणजे काम झालं असं नाही. फुगडीच्या जोड्या अंगणभर आपापल्या वेगाने फिरत असतील तर तो एक नाच होत नाही. होल कमी असतात तेव्हा जोड्यांना एका तालात बांधणारी पकड ढिली असते. घुमटाच्या डाव्या उतारावर तापमान घसरतं ते मुख्यतः याच कारणाने, असं एमरी आणि किव्हलसन यांनी १९९५ मध्ये मांडलं, आणि मला ते पटतं. त्याच भागात अतिवाहकतेच्या कितीतरी वर, काही ठिकाणी खोलीच्या तापमानाच्या जवळ, इलेक्ट्रॉनांचा काही हिस्सा गायब झाल्यासारखा दिसतो. याला छद्मअंतर म्हणतात. त्या ताल न जमलेल्या जोड्या आहेत की निराळीच एखादी मांडणी शर्यतीत उतरली आहे, यावर आजही भांडण आहे. माझा कौल असा, की दोन्ही आहेत, आणि वरच्या तापमानाला दुसरीचं वजन जास्त.

शिखराच्या वरचा धातूसुद्धा विचित्र आहे. त्याचा रोध तापमानासोबत सरळ रेषेत वाढत जातो, साध्या धातूत जिथे वाढ थांबायला हवी तिथेही थांबत नाही. यावर समाधान होईल असं स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेलं नाही.

---

ऋतुजा_बीएस्सी:

सर, मी तृतीय वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत तयार वायबीसीओची एक वडी आहे, तिच्यावर चुंबक तरंगतं. तुमच्या अनुभवावरून सुचलं म्हणून विचारते. तिच्यातला ऑक्सिजन मुद्दाम काढून पुन्हा घालता येईल का? एकाच वडीवर तो घुमट दिसेल?

---

ताम्रपट:

ऋतुजा, येईल, आणि घुमटाची डावी बाजू नक्की दिसेल. मार्गदर्शकांना विचारून, त्यांच्यासमोर कर. नायट्रोजनच्या प्रवाहात वडी तापवली की ऑक्सिजन बाहेर पडतो. तापमान वाढवशील तसा जास्त पडतो. मग लगेच निववायची, म्हणजे तो परत आत शिरत नाही. आमच्याकडे लाइट गेली तेव्हा अपघाताने हेच झालं होतं.

किती गेला ते वजनावरून कळेल. पूर्ण भरलेल्या वायबीसीओच्या सूत्रात सात ऑक्सिजन, सूत्राचं वजन सुमारे ६६६. अर्धा ऑक्सिजन गेला की ८ कमी, म्हणजे १ ग्रॅमच्या वडीमागे १२ मिलिग्रॅम. चांगल्या काट्यावर हे आरामात दिसतं. पण वडी आधी कोरडी करून घे, आणि दर वेळी तोच चिमटा वापर, हात लावू नकोस.

प्रत्येक टप्प्यावर चार तारांनी रोध मोज. सात ऑक्सिजनच्या जवळ असताना तो ९० केल्विनच्या आसपास कोसळेल. साडेसहाच्या थोडं वर ६० च्या आसपास कोसळायला लागेल आणि तिथे जरा रेंगाळेल. सव्वासहाच्या खाली कोसळणारच नाही, थंड करशील तसा वाढतच जाईल. उघड्या भांड्यातल्या नायट्रोजनने ७७ च्या खाली जाता येत नाही, त्यामुळे ६० चा टप्पा बघायचा तर क्रायोस्टॅट (याहून थंड तापमान राखणारं उपकरण) असलेल्या विभागाकडे नमुना पाठवावा लागेल.

शेवटी तीच वडी ४५० अंशांवर ऑक्सिजनमध्ये रात्रभर ठेव आणि वजन पुन्हा कर. गेलेले मिलिग्रॅम परत आले का ते आधी बघ, चुंबक नंतर ठेव. आकडे मिळाले की याच धाग्यावर टाक, स्वातीताई आणि मी दोघंही बघू.

---

ऋतुजा_बीएस्सी:

नक्की सर. काट्याचं कॅलिब्रेशन सोमवारी आहे, त्यानंतर लगेच पहिलं वजन घेते.